झाकलेलं विमान

शेजारच्या काकांच्या शोकेसवर एक काळं, चपटं, वीतभर लाकडी विमान आहे. काका नोकरीत असताना त्यांच्या ऑफिसात आवाजाच्या पाचपट वेगानं जाऊन बॉम्ब टाकणारं एक विमान कागदावर आखलं जात होतं, त्याची ही प्रतिकृती. "ते केव्हाच रद्द झालं," असं काका सांगतात.

काल आम्ही चहा पीत होतो. बेल वाजली, दारात गॅसवाला होता. काकांनी बोलणं न थांबवता खिशातला रुमाल काढून विमानावर टाकला. काकू हसल्या. "सवय आहे हो त्यांची. ऑफिसात परका माणूस आला की झाकायचे."

मीही हसलो, पण नजर त्या रुमालावरच राहिली. मोडलेल्या लग्नाबद्दलसुद्धा लोक वर्षभरानं उघड बोलतात. मग जे झालंच नाही, ते एवढं कशाला झाकायचं? ते कुणाच्या गावावर जाणार होतं, हेही काकांनी कधी सांगितलेलं नाही.

सिलिंडर ठेवून गॅसवाला गेला. काकांनी रुमाल उचलून त्याची घडी घातली. निघताना मी सहज विचारलं, "काका, नक्की रद्द झालंय ना?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं आणि रुमाल परत विमानावर टाकला.