सायकली वाचणारा कोतवाल

तमाम मराठी बांधवांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते, की हरवलेला विद्यार्थी शोधण्याचे एक शास्त्र नेदरलँड्समध्ये अस्तित्वात होते आणि त्याचा जगातला एकमेव पंडित आमच्या रायस्वाइकजवळच्या एका विद्यापीठात सुरक्षारक्षकांचा प्रमुख होता. आम्ही त्याला कोतवाल म्हणायचो. कमरेला किल्ल्यांचा घोस, आणि चालण्याचा थाट रुसलेल्या व्याह्याचा.

कोतवाल सूरिनामचा. पणजोबा बिहारमधून तिकडे ऊस तोडायला गेलेले. त्याची हिंदी आजीच्या मांडीवरची आणि आपल्या पालकांची हिंदी आपल्या पालकांची. या दोन हिंद्यांमधला पूल म्हणून मला बोलावलं जाई. मीही मोठ्या हौसेने जायचो, कारण नाटकात काम मिळणं कुणाला नको असतं?

कुणी बेपत्ता झाल्याचा फोन आला की तो खोलीचं दार ठोठावण्याआधी सायकलतळावर जायचा. म्हणायचा, "अठरा पूर्ण झालेला माणूस हरवत नाही, न सांगता जातो. सायकलीला विचारा." चाकाच्या तारांत कोळ्याचं जाळं धरलं असेल तर माणूस घरातच पडून आहे. सायकलच नसेल तर स्टेशन गाठा. नाशिकच्या एका मुलीचा फोन दोन दिवस लागेना, तेव्हा आईने देव पाण्यात ठेवले होते. कोतवालाने तिच्या सायकलीची रिकामी जागा पाहिली, शेजारची एका मुलाची रिकामी जागाही पाहिली आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, आईला सांगा मुलगी सुखरूप आहे, दुसऱ्या जागेचं सांगू नका. मी आजतागायत सांगितलेलं नाही.

मग कोरोना आला आणि शास्त्र बुडालं. वर्ग पडद्यावर गेले आणि तळावरच्या झाडून सगळ्या सायकलींना जाळी धरली. "माझ्या शास्त्राप्रमाणे अख्खं विद्यापीठ बेपत्ता आहे," तो म्हणाला. आम्ही दीड मीटर अंतर राखून हसलो.

त्याच हिवाळ्यात सांगलीचा ओंकार खरोखरच नाहीसा झाला. खोलीत पासपोर्ट, चार्जरला लावलेला फोन, कुकरमध्ये भात. सायकल तळावरच, चाकात जाळं. पोलीस आले, कुत्री आली, कालव्यात पाणबुडे उतरले. काही मिळालं नाही. विमानं बंद, त्यामुळे आईवडील सांगलीतच अडकले. दर रविवारी व्हिडिओ कॉल व्हायचा. कोतवाल पूर्ण गणवेशात, उभा राहून बोलायचा. सांगण्यासारखं काहीच नसायचं, तरी एकही रविवार त्याने चुकवला नाही.

वसंतात विद्यापीठाने बेवारस सायकलींना चिठ्ठ्या बांधायला घेतल्या. महिनाभर कुणी हात लावल्याची खूण दिसली नाही की सायकल ट्रकमध्ये. कोतवालाचं बोलणं या सुमारास फारच कमी झालं होतं. मला वाटलं, निवृत्ती जवळ आली, म्हणून असेल.

एका शुक्रवारी त्याच्या हाताखालच्या नव्या रक्षक मुलीचा मला धापा टाकत फोन आला. ओंकारच्या सायकलीवर जाळं नाही! ती रोज पाहते आहे, आठवडाभर जाळं धरलेलंच नाही. शेजारच्या सगळ्या सायकलींवर आहे. म्हणजे कुणीतरी ती वापरतंय. आता मी काय करायला हवं होतं? आधी कोतवालाला विचारायला हवं होतं. पण इतकी मोठी बातमी हातात आणि श्रोते सांगलीत! मी तिकडे फोन लावला.

"भाऊ, मला ठाऊकच होतं," आई म्हणाली. "आमच्यावर रागावलाय तो. कुणाकडे तरी राहत असेल." वडिलांनी मास्क लावून आळीत पेढे वाटले.

रविवारी ते दोघं पडद्यासमोर नवे कपडे घालून बसले होते. आईने मला सांगितलं, साहेबांना विचारा, त्यांनी स्वतः पाहिलं का त्याला, वाळलाय का फार. मी घसा साफ करून प्रश्नाची सजावट करू लागलो. कॉल सुरू होताच पेढ्यांचं ऐकल्यापासून कोतवालाचा चेहरा राखेसारखा झाला होता. तो खाली बसला. त्याला कॉलवर बसलेलं मी प्रथमच पाहत होतो. माझं वाक्य पुरं व्हायच्या आत त्याच्या तोंडून निघून गेलं,

"माँजी, वो जाला रोज मैं पोंछता हूँ. नहीं तो साइकिल उठा ले जाएँगे."