मत बदललं का, ते मोजा

हे लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं, कारण लिहायला बसलं की गोष्टीतला खलनायक मीच निघतो. तरी सांगतो. आमच्या पंपाच्या कंपनीत माझ्या हाताखाली जे गृहस्थ होते, त्यांच्याइतका मापं काढायचा नाद पुण्यातल्या एकाही शिंप्याला नसेल. लग्नात ते आचाऱ्याला विचारायचे, "ताटं किती वाढली ते राहू द्या, ताटांत उरलं काय ते दाखवा." मंडईत भाजीवाल्याला विचारायचे, "तुम्ही स्वतः घरी कुठली नेता?" आणि तीच घ्यायचे. एकदा एक जण वैतागून म्हणाला, "काका, आमची ही पलीकडच्या गाळ्यावरून घेते." हे शांतपणे पलीकडच्या गाळ्यावर गेले.

पुढे आमच्या हिंजवडीच्या ऑफिसात एक संगणक प्रणाली आली. कुठले पंप किती बनवावेत, हे ती आम्हा साहेब मंडळींना सुचवायची. ती कामाची आहे की नाही हे कशावरून ओळखायचं, ते ठरवणं माझ्याकडे होतं. मी म्हटलं, "रोज किती जण उघडतात ते मोजू."

हे गृहस्थ म्हणाले, "साहेब, भिंतीवरचं घड्याळ सगळेच बघतात. वेळेवर येतं कोण? ती बघून कुणाचं मत बदललं, आणि बदललं ते बरं झालं का, ते मोजा."

मी हसून परवानगी दिली. महिनाभराने भर मीटिंगमध्ये पडद्यावर नावं झळकली. सगळ्यांनी थोडंफार मत बदललं होतं. माझ्या नावापुढे भोपळा. प्रणाली नको म्हणत असताना मी बनवून घेतलेले पंप वाघोलीच्या गोदामात पडून होते, तेही खाली लिहिलेलं. मोठे साहेब म्हणाले, "वा! ठाम माणूस आहात."

त्याच आठवड्यात मी या गृहस्थांची वाघोलीला बदली केली, त्याच पंपांच्या राखणीला. त्यांची तोंडाशी आलेली बढती गेली. निवृत्त होईपर्यंत ते तिथेच राहिले. इकडे माझं माप लागू झालं. सगळे सकाळी प्रणाली उघडायचे आणि चहाला जायचे. आकडे झकास आले, पंप मात्र साठतच गेले.

परवा मंडईत ते दिसले. वाकले होते, पण डोळे तेच. "अहो साहेब! काय, बदललं का एखादं मत?"

बदललं होतं. एवढंच सांगायचं होतं. मी विचारलं, "गवार कशी मिळाली?"

त्यांनी पिशवी उघडून धरली, पूर्वी ऑफिसात आकड्यांचे कागद माझ्यापुढे धरायचे तशी. 'चुकलं माझं' हे शब्द अगदी ओठांपर्यंत आले.

"कोवळी आहे," मी म्हणालो.