बिनबॅजची पेशी

उत्तरेश्वर काळदाते शहर बसचे तिकीट तपासनीस म्हणून रिटायर झाले, पण त्यांची तपासणी काही रिटायर झाली नाही. वाघोलीच्या सोसायटीत लिफ्टमध्ये शिरणाऱ्या प्रत्येकाला ते ‘कुठं?’ असं विचारत. सून श्रद्धा हिच्या प्रयोगशाळेतल्या मॅडम चहाला आल्या, तर त्यांनाही दारातच ‘कुठून बसलात?’ विचारून झालं. आख्ख्या नोकरीत त्यांनी एकच विद्या कमावली होती, ती म्हणजे बिनतिकीट माणूस खिडकीबाहेर फार मन लावून बघतो. त्या विद्येला आता गिऱ्हाईक नव्हतं, आणि ते त्यांच्या जिवाला लागायचं.

म्हणून गणपतीतल्या कार्यक्रमासाठी नाटुकलं बसवताना श्रद्धाने ‘बाबा, तुम्ही काम कराल का?’ असं विचारलं, तेव्हा त्यांना आकाश ठेंगणं झालं. कमिटीने नाकं मुरडली. “काळदात्यांना स्टेजवर? मग आवरणार कोण?” चेअरमन दत्तप्रसाद म्हणाले. श्रद्धाने ‘जबाबदारी माझी’ म्हणून विषय संपवला. हे कानावर आल्यावर उत्तरेश्वरांनी ठरवलं, काही झालं तरी पोरीची मान खाली जाऊ द्यायची नाही.

नाटुकलं शरीरातल्या पेशींचं होतं. तालमीत श्रद्धाने समजावलं, “पेशीच्या केंद्रकात डीएनए असतो. उन्हाने, तंबाखूने तो तुटतो. फार तुटला तर तुकडे केंद्रकाबाहेर सांडतात. देवघरातली घंटा मोरीत सापडली की घरात काहीतरी बिनसलंय हे कळतं ना, तसं पेशीला कळतं. ती बोंब ठोकते आणि अंगावर धोक्याची खूण चढवते. आपण त्यासाठी लाल रुमाल घेऊ. मग नॅचरल किलर पेशी गस्त घालत येते आणि रुमाल दिसला की त्या बिघडलेल्या पेशीचा निकाल लावते. जन्मजात प्रतिकारशक्ती आहे ही, आधीची ओळखपाळख लागत नाही.”

“किलर नको, चेकर म्हण,” उत्तरेश्वर म्हणाले.

“चालेल. आणि धडधाकट पेशीच्या अंगावर बॅज असतो. बॅज असला आणि रुमाल नसला तर सोडायचं. बॅजच नसला तर संशय घ्यायचा.”

“म्हणजे पास,” उत्तरेश्वर म्हणाले, आणि पुढे त्यांना काही शिकवावं लागलं नाही.

बिघडलेल्या पेशीचं काम चेअरमनसाहेबांकडे आलं. उत्तरेश्वरांच्या बायकोला, गोदाबाईंना, आणि सोसायटीतल्या बायकांना धडधाकट पेशी केलं. दत्तप्रसाद सोडून सगळ्यांना बॅज वाटले, चेकरला आणि माइकवरच्या श्रद्धालासुद्धा.

कार्यक्रमाच्या दिवशी पहिल्याच रांगेत मॅडम बसल्या होत्या. त्यांच्या शेजारी दत्तप्रसादांचे नवे व्याही. व्याह्यांसमोर बिघडलेलं कोण दिसणार? दत्तप्रसादांनी रुमाल खिशात खोल कोंबला.

“या पेशीचा डीएनए तुटला आहे,” श्रद्धा माइकवर म्हणाली. रुमाल काही निघेना. “चांगलाच तुटला आहे,” ती पुन्हा म्हणाली.

उत्तरेश्वर पेचात पडले. रुमालाशिवाय चेअरमनला हात लावावा तर सुनेवर शेकणार, न लावावा तर नाटुकलं तिथेच बसणार. तेवढ्यात त्यांचं लक्ष गेलं. दत्तप्रसाद मंडपाच्या झालरीकडे फार मन लावून बघत होते.

“पास?”

“काळदाते, पुढे चला,” दत्तप्रसाद दातांतून म्हणाले.

“पास दाखवा, साहेब.” बॅज नव्हताच. उत्तरेश्वरांनी त्यांचा दंड धरला. “चला, उतरा.”

मंडप हसून लोळला. श्रद्धाने प्रसंग सावरला. “कॅन्सरच्या काही पेशी अशाच खूण लपवतात,” ती म्हणाली. “पण त्यांच्या अंगावर बऱ्याचदा बॅजही नसतो, आणि चेकर त्यावरूनही ओळखतो.” मॅडमनी टाळ्या वाजवल्या.

खरं तर इथे थांबायचं होतं. पण टाळ्या उत्तरेश्वरांच्या डोक्यात गेल्या आणि त्यांनी सगळं स्टेज तपासायला घेतलं. पहिल्याच गोदाबाई.

“पास?”

“अवो, मी हाय.”

“ते दिसतंय. पास?”

“पिनेनं नव्या इरकलीला भोक पडलं असतं. कुणीच नाही लावला.”

“उतरा खाली. सगळ्याच.”

बायका निघाल्या. गोदाबाई पायरीपाशी वळल्या. “आणि तुमचा कुठाय?”

आख्ख्या नोकरीत हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नव्हता. त्यांनी छाती चाचपली. बॅज तालमीच्या शर्टाला राहिला होता. श्रद्धा माइकवर हात ठेवून ‘बाबा, असू दे’ म्हणत होती. पण नियम तो नियम. त्यांनी स्वतःचाच दंड धरला आणि स्वतःला खाली उतरवलं.

रिकाम्या स्टेजकडे बघत श्रद्धा म्हणाली, “शरीरात आता एकही बिघडलेली पेशी नाही. कारण शरीरच उरलेलं नाही.”

पडद्यामागे उत्तरेश्वर भिंतीकडे तोंड करून उभे होते. आयुष्यात एवढी लाज त्यांना कधी वाटली नव्हती. श्रद्धा आली, तेव्हा हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तिने स्वतःच्या ओढणीवरचा बॅज काढला आणि त्यांच्या शर्टाला लावला.

“जा बाबा, सगळ्यांना परत वर घेऊन या. मॅडम म्हणताहेत, पुन्हा पहिल्यापासून करा.”

उत्तरेश्वरांनी तिच्या बिनबॅजच्या ओढणीकडे एकदा बघितलं, आणि नोकरी लागल्यापासून पहिल्यांदाच काही विचारलं नाही.