सेहेचाळीस नंबरची खुंटी

तेलाचा भाव जगात चढला की पडला, हे वेवजी गावाच्या डोंगरपाड्यावर कुणी पेपरात वाचत नाही. हिरूला ते जीपगाड्यांवरून कळायचं. भाव चढला की जमिनीखाली तेल शोधायला वरून सढळ हाताने खर्च होई, माळावर तंबू पडत, पाड्यातल्या तीस-चाळीस माणसांना काम मिळे. भाव पडला की दूर कुठेतरी कुणीतरी कागदावर रेघ मारी आणि आठ दिवसांत माळावर नुसत्या चुली उरत. या खर्चाचं सगळं लहरी पाहुण्यासारखं, आला तर आला.

हिरू भात-नागली पिकवणारा, पन्नाशीचा, मोजकं बोलणारा माणूस. अकरा वर्षांपूर्वी तंबू पडले तेव्हा तो खुंट्यांच्या टोळीत होता. साहेब बोट दाखवेल तिथं लाल चिंधीची खुंटी ठोकायची. मागून यंत्र येई, खुंटीच्या जागी खोल भोक पाडी. त्यात सुरुंग उडवायचा आणि जमिनीच्या हादऱ्यावरून खाली काय आहे ते ताडायचं. सेहेचाळीस नंबरची खुंटी साहेबाने दाखवली ती नेमकी हिरूच्याच माळजमिनीत, मोहाच्या झाडाखाली.

तिथं हिरूची पोर पुरलेली होती. जन्मली आणि अकराव्या दिवशी गेली, नावही ठेवलं नव्हतं. इतक्या लहान लेकराला जाळत नाहीत, पुरतात. वर एक धोंडा ठेवलेला, तो फक्त नवरा-बायकोला माहीत. साहेबाला सांगावं तर हिरूची जीभ उचलेना. साहेब हसला तर? कामावरून काढलं तर? त्याने मुकाट्याने खुंटी ठोकली आणि दुपारी सगळे जेवायला बसल्यावर ती उपटून तीस पावलं खाली, झऱ्याच्या वरच्या अंगाला उंबरापाशी लावली. जन्मात केलेली एवढीच लबाडी, आणि तीसुद्धा धड जमली नाही.

चौथ्या दिवशी उंबरापाशी सुरुंग उडाला. पुढे तेल स्वस्त झालं, खर्चाला कात्री लागली, तंबू गेले. त्याच उन्हाळ्यात झरा आटला. तेव्हापासून पाड्यातल्या बाया टेकडी उतरून, ओहळ ओलांडून दूरच्या विहिरीवरून पाणी आणतात. शेजारची म्हातारी तुळशी रोज हंडा उतरवताना म्हणायची, "जेणं तिथं खुंटी लावली, त्याच्या घशाला कोरड पडो." हिरू ओट्यावर बसून ऐकायचा आणि ताट सरकवून उठायचा. दोरीवर लाल कापड वाळत घातलेलं दिसलं तरी तो तोंड फिरवी, आणि मोहाखाली तर तो पुन्हा कधी फिरकला नाही.

त्याची बायको शुक्रीही सुरुंगानंतर बदलली. उंबराच्या बाजूने ती कधी जाईना, लांबच्या वळशाने जाई. कधी कामात मध्येच थांबून कान देई. कुणी चालत असल्यासारखं वाटतं, म्हणे. हिरूची खात्री झाली की हिला सगळं कळलंय. त्याने विचारलं नाही, तिने सांगितलं नाही, आणि अशी अकरा वर्षं गेली.

यंदा होळीच्या आधी तंबू पुन्हा पडले. देशात तेलाच्या शोधावरचा खर्च वाढवायचं ठरलंय, जुनी फसलेली भोकंही पुन्हा पाडायची आहेत, असं नव्या मॅडमनी, रुचिकाबाईंनी सांगितलं. पोरगी तिशीचीही नव्हती. नकाशा घेऊन ती मोहाखाली येऊन उभी राहिली. पाड्यातली माणसं जमली, पाण्याला निघालेल्या बायाही थांबल्या.

"खुंटी इथं हवी होती," ती म्हणाली. "सुरुंग मात्र खाली उडालाय. जुन्या टोळीतलं कुणी आहे का? नाहीतर आम्ही इथंच भोक पाडतो."

गप्प राहावं तर यंत्र पोरीवर चढणार, बोलावं तर अकरा वर्षांची तहान पाड्यासमोर आपल्या नावावर लागणार. हिरू पुढे झाला.

"मीच हलवली, मॅडम. हितं माझी पोर पुरलीय."

तुळशीने रिकामा हंडा खाली ठेवला आणि ती त्याच्याकडे नुसती बघत राहिली.

रुचिकाबाईंचा आवाज खाली आला. "काका, समाधी असली, झरा असला की खुंटी हलवायचा नियमच आहे. तेव्हाही होता. नुसतं सांगायला हवं होतं."

"पोर हितं नाय," मागून शुक्री म्हणाली.

सगळे वळले. ती फक्त हिरूशी बोलत होती.

"तू खुंटी ठोकलीस, मी बघितली. त्याच रात्री अंधारात मी ओटीत माती घेतली, तिला म्हटलं, चल बाय, हितं नको राहू. उंबराखाली नेऊन ठेवली. धोंडापण तिथंच नेला." ती थांबली. "मंग यंत्र तिथंच आलं. मला वाटलं, पोरीचा माग काढत आलं. म्हणून तिला परत कुठं नेली नाय. नेली तर तिथंपण येईल."

"माग काढत नव्हतं आलं," हिरू कसंबसं म्हणाला.

शुक्रीने मान डोलावली. इतक्या वर्षांची भीती तिच्या तोंडावरून उतरताना त्याने पाहिली. पोरीच्या मागे कुणीच लागलेलं नव्हतं, हे तिला आता कळत होतं. ती उंबराकडे सरळ वाटेने चालू लागली.

हिरूला तिच्या मागे जायचं होतं. पण तिथं, त्या उंबराखाली, पोरीवर यंत्र त्यानेच नेलं होतं, आणि पाय काही उचलेना.