पाच फुटांपलीकडचा सिहोरा

पुण्यात रोलचे कॅमेरे वापरणाऱ्यांचा आमचा एक गट आहे. आम्ही फोटो कमी काढतो आणि बोलतो जास्त. मोबाइलवर फोटो काढणाऱ्यांची आम्हाला कीव येते, आणि ती आम्ही मोबाइलवरूनच एकमेकांना कळवतो. या गटातल्या चौघांनी वाहवा केली म्हणून मी एक जुनी रशियन लेन्स घेतली. माझा कॅमेरा जपानी. लेन्स आट्यांची, बरणीच्या झाकणासारखी फिरवून लावायची, कॅमेरा खटक्याचा. मध्ये एक धातूचं कडं घातलं की दोघांचं जमतं, असं विकणाऱ्यानं सांगितलं. मी घरी बसवून पाहिलं, बायकोचा चेहरा लख्ख दिसला. कॅमेऱ्याची मूळची लेन्स कपाटात टाकून मी भंडारा जिल्ह्याकडे जाणाऱ्या गाडीत बसलो. मूळची लेन्स काय, सगळ्यांकडेच असते.

जाण्याचं कारण सिहोऱ्याची सरूमावशी. मावसाजी गेले तेव्हा भिंतीवर लावायला घरात त्यांचा एकही धड फोटो नव्हता. तिच्या मुलानं, दिनेशनं, आधार कार्डावरचा चेहरा तुमसरच्या एका स्टुडिओत मोठा करून घेतला, आणि स्टुडिओवाल्यानं त्या चेहऱ्याखाली निळा कोट आणि लाल टाय चिकटवला. मावसाजींनी जन्मात बंडी आणि धोतराशिवाय काही अंगाला लावलं नव्हतं. आता मावशीला स्वतःची काळजी लागली होती. फोनवर ती म्हणाली, “रोज दिवा लावून राहिली मी, पन कोनापुढं लावून राहिली तेच समजून नाई राहिलं. तू रोलवर काढतोस ना? रोलमंधी काई चिकटवता येत नाई मंते. माहा फोटो जितेपनी काढून ठेव, बाबू.”

तिचं ऐकून माझी छाती फुगली. रोलची महती कळलेली आमच्या खानदानातली ती पहिलीच व्यक्ती.

सकाळी तुमसर रोडला उतरलो. थंडीचे दिवस, कोवळं ऊन, फलाटावर धानाच्या व्यापाऱ्यांची वर्दळ. स्टेशनच्या पाटीचा फोटो घ्यावा म्हणून कॅमेरा डोळ्याला लावला आणि लेन्स आडव्या आठाच्या खुणेपर्यंत, म्हणजे अनंतापर्यंत, फिरवली. पाटी काही वाचता येईना. चष्मा पुसला, भिंग पुसलं. अनंत राहिलं दूर, समोरचा चहावालाही धुरकटच दिसत होता.

पोहे-तर्री (पोह्यांवर घालतात तो झणझणीत हरभऱ्याचा रस्सा) खाता खाता मी गटावर प्रश्न टाकला. एकानं डोळे तपासायला सांगितले. दुसऱ्यानं लेन्सची रशियातली वंशावळ लिहून पाठवली. तिसरा म्हणाला, काढून तर बघ, फोटोत येईल नीट. रोलवर काढून बघायचं म्हणजे पुण्याला परत जाऊन बघायचं, पण मी शहाण्यासारखे चौतीस फोटो काढले. चौथ्याच्या सल्ल्यावरून कड्याचे स्क्रू सैल केले, तर एक स्क्रू तर्रीत पडला. तो चमच्यानं काढला आणि तर्री संपवली, कारण तर्रीत काही दोष नव्हता.

शेवटी तुमसरच्या बाजारात शिरलो. रोलच्या जमान्यातला एक फोटोग्राफर अजून दुकान चालवतो, असं पोहेवाल्यानं सांगितलं होतं. मोटघरे नावाचे गृहस्थ, साठीच्या पुढचे. दुकानाच्या भिंतीवर डझनभर स्वर्गवासी ओळीनं टांगलेले, आणि प्रत्येकाला तोच निळा कोट, तोच लाल टाय. मी मावसाजींच्या गुन्हेगाराच्या दुकानात उभा होतो.

तरीही गरज माझी होती. मोटघऱ्यांनी कॅमेरा हातात घेतला, रस्त्यावर रोखला, मग माझ्या तोंडावर रोखला. लेन्स काढली, कड्यावर बोट फिरवलं.

“भाऊ, लेन्सबी चांगली हाये, कॅमेराबी चांगला हाये. या दोघायचं लगन कायले लावलं? हे लेन्स रोलच्या जवळ बसाले पायजे. तुमच्या कड्यानं ते समोर सरकली. आता पाच फुटाच्या आतलं तेवढं साफ दिसन. त्याच्या पुढचं देवही आला तरी धुरकट.”

मग घरी कसं नीट दिसलं, असं मी विचारलं. घर केवढं आहे, असं त्यांनी विचारलं. पुण्यातल्या आमच्या फ्लॅटमध्ये पाच फुटांपलीकडे काही नसतंच. त्यांनी तर्रीतला स्क्रू पुसून जागेवर बसवला आणि पैसे घेतले नाहीत. मला कोटाबद्दल चार शब्द सुनावायचे होते, ते गिळावे लागले. नाही म्हणायला, लोक असे फोटो का करून घेतात एवढं विचारलं. ते म्हणाले, लोकांना आवडतात.

बसनं सिहोऱ्याला पोहोचलो. दोन्ही बाजूंना कापलेल्या बांध्या (धानाची शेतं) आणि धानाचे पुंजणे (रचलेले ढीग), फोटो काढण्यासारखी दृश्यं, आणि सगळी पाच फुटांच्या पलीकडे. मावशीनं भात आणि पोपटाची भाजी वाढली. पोपट म्हणजे इथे वालासारखी शेंग. भिंतीवरून मावसाजी कोटातून माझ्याकडे बघत होते. ते एखाद्या बँकेचे मॅनेजर दिसत होते.

मावशीनं सगळं ठरवून ठेवलं होतं. नवं लुगडं नेसून ती तलावाच्या पारीवर (बांधावर) उभी राहिली. मागे तलाव, त्याच्यामागे तिची बांधी, तिथला पुंजणा, सगळं फोटोत यायला हवं होतं. मला सांगताना लाज वाटली, पण सांगितलं की माझ्या कॅमेऱ्याला लांबचं दिसत नाही.

“मंग जवळ ये ना,” मावशी म्हणाली.

रोलमध्ये दोन फोटो उरले होते. जवळ गेल्यावर ती आधार कार्डासाठी बसावी तशी ताठ झाली. पहिला फोटो तसाच गेला. दुसऱ्यासाठी अंतर चुकायला नको म्हणून मी तिची काठी घेतली, एक टोक तिच्या नाकाजवळ धरलं आणि डोळा बारीक करून दुसरं टोक कॅमेऱ्याला लावू लागलो. मावशी माझ्याकडे बघत राहिली. पटवारी बांधी मोजतो तसा हा मला मोजून राहिला, असं म्हणून ती हसू लागली, तोंडातले उरलेले तीन दात दाखवत. मी काठी टाकली आणि खटका दाबला. इतक्या जवळून मी कधी कुणाचा फोटो काढला नव्हता. आमच्या गटात माणसं पाठमोरी आणि लांबून काढतात, त्याला आम्ही कला म्हणतो.

पुण्याला परतून रोल धुवून घेतला. चौतीस फोटो धुकं, पस्तिसावा आधार कार्ड. छत्तिसाव्यात मावशी होती, तिच्या सगळ्या सुरकुत्यांसकट. तलाव, बांधी, पुंजणा विरघळून मागे नुसता सोनेरी-हिरवा रंग उरला होता. गटानं त्या रंगाचंच कौतुक केलं. मावशीकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. मोठी प्रिंट काढून मी सिहोऱ्याला पाठवली आणि स्वतःवर बेहद्द खूश झालो.

पंधरा दिवसांनी दिनेशचा फोन आला. फोटो झकास, फक्त मागचं खराब झालं होतं, ते मोटघऱ्यांकडून दुरुस्त करून घेतलं. त्यानं मोबाइलवर पाठवलेलं चित्र मी उघडलं. मावशी हसत होती आणि तिच्या मागे बर्फाचे डोंगर, देवदार आणि एक निळा झरा होता. माझं डोकंच फिरलं. रोलवर काही चिकटवता येत नाही म्हणूनच ना मी एवढा गेलो होतो? मी लगेच मावशीला फोन लावला आणि सगळा राग तिच्यावर काढला.

मावशी म्हणाली,

“कोट घालत होता तो, मी नाई घालू देला. तोंड माहंच हाये, दातबी माहेच हायेत. पहाडाचं काय घेऊन बसला, बाबू? मी कुठं मागं पाहून राहिली?”