वाळीतल्या घरचा पाव

झेलिंदा मांतोवानीला फोसाल्बात कुणी कधी गोड म्हटलं नाही. तोंडाने फटकळ, हाताने दणकट आणि भट्टीसमोर उभं राहून चेहरा कायम तांबडालाल. "बाई आहे की निखारा," असं पुरुष म्हणायचे, पण ती पाठमोरी असताना. तिचा चार शिंगांचा पाव मात्र सगळ्यांना हवा असायचा. इटलीत आमच्या फेराऱ्याकडे पाव तसाच करतात, कणकेचे दोन पीळ कमरेत एकमेकांना चिकटवून. झेलिंदाच्या पावाची शिंगं अशी कुरकुरीत की पोरं घरी पोचेपर्यंत नुसतं धड उरायचं.

भट्टी तिच्या मालकीची नव्हती. ती होती मजुरांच्या सहकारी संस्थेची आणि संस्था होती लीगची. लीग म्हणजे आमच्या शेतमजुरांची संघटना. ती नव्हती तेव्हा जमीनदाराचा मुकादम पहाटे चौकात यायचा आणि बाजारात बैल निवडावा तशी माणसं निवडायचा; दंड चाचपून, दात बघून. लीग आली आणि काम पाळीने मिळू लागलं, मुकादम टोपी काढून बोलू लागला. या लीगपायी झेलिंदाचा नवरा तुरुंगात गेला, तिथून खोकला घेऊन आला आणि त्यातच संपला. एकुलता एक मुलगा महायुद्धात पियावे नदीच्या काठी पडला. तेव्हा लीगशी निष्ठा म्हणजे काय, हे तिला कुणी शिकवण्याची गरज नव्हती.

सन वीसच्या उन्हाळ्यात मोठा संप झाला. ताग कापून डबक्यांत कुजत घातला होता, नेमका तो मुहूर्त आम्ही धरला. ताग वेळेवर पाण्याबाहेर काढला नाही तर धागा सुटत नाही, हाती नुसता चिखल येतो. जमीनदाराची मान आम्ही डबक्यात धरली होती आणि आम्हाला त्याचा भलताच आनंद झाला होता. पण त्या डबक्यांत एकट्या जमीनदाराचा ताग नव्हता. अर्धेलीने शेती करणाऱ्या अदेल्मो मालागुत्तीचा वर्षाचा वाटाही त्यातच होता.

अदेल्मो युद्धावरून परतलेला शिपाई. खंदकात साहेब लोकांनी सांगितलं होतं, जिंका, जमीन तुमचीच आहे. जिंकून घरी आला तर जमीन जिथल्या तिथे, आणि चौकात लोक त्याच्या पदकाला हसले. आमच्या माणसांना युद्ध नको होतं हे खरं. पण ते अदेल्मोने थोडंच सुरू केलं होतं! त्याने मुकाट्याने पदक पेटीत टाकलं आणि कामाला लागला. संपात मात्र तो आणि त्याची बायको इरीदे भरदिवसा, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत डबक्यात उतरले आणि आपल्या वाट्याचा ताग ओढून काढला.

लीगने त्यांना वाळीत टाकायचं ठरवलं. सभेत सेक्रेटरी नुल्लो काविकी उभा राहिला. "आजपासून मालागुत्तीच्या घराशी कुणी बोलायचं नाही. न्हाव्याने दाढी करायची नाही, सुईणीने पायरी चढायची नाही, भट्टीवरून पाव जायचा नाही."

"पावाचं मला विचारलंस का रे?" झेलिंदा मागच्या बाकावरून ओरडली.

"भट्टी संस्थेची आहे, झेलिंदा."

"आणि पोट कुणाचं आहे? इरीदेला दिवस गेलेत. तिच्या पोटातल्यानेही संप फोडला काय?"

लोक खो खो हसले. नुल्लोही हसला, तो काही दुष्ट माणूस नव्हता, फक्त त्याला सगळं तत्त्वाने करायची खोड होती. "हे बघ, आज एकाला सोडलं तर उद्या दहा फुटतील," तो म्हणाला.

"आणि आज एकाला ढकललंस तर तो कुठे जाऊन पडेल, ते बघ ना! तिकडे जमीनदाराच्या हवेलीवर त्याला झेलायला टपलेच आहेत."

हे ती उगाच बोलत नव्हती. फेराऱ्यात काळ्या सदऱ्यांची, म्हणजे फॅसिस्टांची, टोळकी जमायला लागली होती. त्यांत कामधंदा नसलेले माजी अधिकारी होते, कॉलेजची पोरं होती, आणि त्यांच्या ट्रकच्या पेट्रोलचा खर्च आमचे जमीनदार उचलत होते. नगरपालिकेवर लाल झेंडा चढल्यापासून जमीनदारांना झोप नव्हती. पोलिसांनाही अचानक दुसरीकडे बघायची सवय जडली होती. त्या टोळक्यांना फक्त गावागावांतली माणसं कमी होती.

ठरावाला हात वर झाले. झेलिंदाचा तेवढा खाली राहिला.

रविवारी सकाळी गाव चौकात जमलेलं असताना ती पावाची टोपली काखेत मारून निघाली, टोपलीवर फडकं न टाकता. चोरून द्यायचा तर पाव अंधार पडल्यावरही देता आला असता. पण चोरून दिलेल्या पावाने अदेल्मोचं पोट भरलं असतं, तो गावात परत आला नसता, आणि झेलिंदाला तो गावात परत हवा होता. लीगसाठी हवा होता, हे आमच्यापैकी कुणाच्या टाळक्यात शिरलं नाही. चौकातलं बोलणं थांबलं. खिडक्यांचे पडदे हलले. ती बांधावरच्या रस्त्याने मालागुत्तींच्या दारापर्यंत गेली.

अदेल्मोने दार उघडलं आणि तिच्या खांद्यावरून मागे पाहिलं. "एकट्याच आलात, मावशी?"

"येतील बाकीचे. आमची माणसं जरा हळू चालतात."

दर रविवारी ती गेली, आणि दर रविवारी एकटीच गेली. लीगने तिला समितीतून काढून टाकलं. भट्टीवरून काढायची मात्र कुणाची छाती झाली नाही, कारण मग पाव कोण भाजणार? रस्त्यात चेसिरासारखी जुनी मैत्रीणसुद्धा तोंड फिरवून जायची. झेलिंदा तिच्या पाठीवर ओरडायची, "मान आखडेल गं, म्हातारे! मग शेकायला माझ्याच भट्टीपाशी येशील!"

नोव्हेंबरात इरीदेला कळा आल्या. मूल आडवं होतं. सुईण ठरावाला बांधलेली, ती घरी बसून रडत राहिली, पण आली नाही. झेलिंदा पिठाचे हात कसेबसे धुऊन धावत गेली. पण पाव भाजणं वेगळं आणि हे वेगळं. अखेर डॉक्टर आला तो जमीनदाराच्या मोटारीतून. उशिरा आला, पण आला. इरीदे वाचली, मूल गेलं.

त्यानंतरच्या रविवारी झेलिंदा पाव घेऊन गेली तेव्हा अदेल्मो घरी नव्हता. खुंटीवर काळा सदरा होता. ती त्या सदऱ्याकडे बराच वेळ बघत राहिली आणि परत येताना रस्त्यातच बांधावर बसली. इतकं खचलेलं तिला कुणी कधी पाहिलं नव्हतं.

वसंतात ट्रक फोसाल्बात शिरला, भर सकाळी. लीगच्या कचेरीतली टेबलं, बाकं, सगळं चौकात आणून पेटवलं. नुल्लोला इतकं बडवलं की त्याचा हात पुढे कधी सरळ झाला नाही. मग टोळकं भट्टीकडे वळलं. झेलिंदा दारात उभी, हात कोपरापर्यंत कणकेत.

"बाजूला हो, म्हातारे," जमीनदाराचा धाकटा मुलगा म्हणाला. फेराऱ्यात कायदा शिकत होता तो.

"आधी पाय पूस. आत खायचं पीठ आहे."

धाकट्याने एरंडेलाची बाटली काढली. ही त्यांची आवडती शिक्षा होती. माणसाला पोटभर एरंडेल पाजायचं आणि मग चारचौघांत त्याची फजिती बघत बसायचं. बाटली त्याने अदेल्मोच्या हातात कोंबली. "तुझ्या गावची आहे ना? मग तूच पाज."

अदेल्मो पुढे आला.

"दे इकडे," झेलिंदा म्हणाली. "हात कापतोय तुझा. कणकेत सांडशील."

तिने बाटली त्याच्या हातातून घेतली आणि सगळ्यांसमोर घटाघटा रिकामी केली. हसायला जमलेल्यांना हसणं जमेना. मी पुष्कळ शूर माणसं पाहिली आहेत, पण पिठाने भरलेल्या हातांनी एरंडेल पिणारी ही बाई मला त्या सगळ्यांपेक्षा मोठी वाटते.

अदेल्मो खाली बघत पुटपुटला, "मावशी, तेव्हा तुमच्या मागून आणखी एक जण जरी आला असता ना…"

"ठाऊक आहे मला. पण म्हणून हे करायचं होतं का रे?"

टोळक्यातल्यांनी काचा फोडल्या, पोती फाडली आणि ते गेले. भट्टी विटांची, तिला काय होणार?

दुसऱ्या दिवशी झेलिंदा भिंतीला धरत धरत आली आणि सांडलेलं पीठ चाळून तिने पाव लावले. खिडकीबाहेर बायकांची रांग लागली. रांगेच्या शेवटी डोक्यावरून शाल ओढून इरीदे उभी होती.

"हिला देऊ नकोस हं," चेसिरा म्हणाली. "काल हिच्या नवऱ्याने काय केलं, बघितलंय आम्ही."

झेलिंदाने काल अदेल्मो जे पुटपुटला ते जसंच्या तसं सगळ्यांना सांगितलं.

"पहिल्या रविवारी मी तुला खिडकीतून बघत होते," चेसिरा म्हणाली. "पायात चपलाही घातल्या होत्या."

"मग?"

"म्हटलं, दुसरं कुणी निघालं की निघू."

"मी पण," मागून सुईण म्हणाली.

"मी पण." आणखी कुणीतरी.

मग रांगेतल्या जवळजवळ सगळ्याच बायका खाली बघू लागल्या. बाटली रिती करताना झेलिंदाच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. आता मात्र ती खिडकीच्या चौकटीला धरून, सगळ्यांसमोर, हमसून हमसून रडली.