ऑक्सिजन वॉर्डातली चोरी

ती घटना आठवण्यासाठी मला जुन्या डायऱ्या उघडाव्या लागत नाहीत. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, एक दंगलही पाहिली. त्यांतल्या बऱ्याच प्रकरणांचे तपशील आता एकमेकांत मिसळले आहेत. तांब्याच्या पाइपच्या चोरीचा एक साधा गुन्हा मात्र दिवसवार लक्षात आहे. त्यात कोणाचा जीव गेला नाही. तरीही निवृत्तीनंतर लिहायला बसलो तेव्हा पहिल्यांदा हेच लिहावेसे वाटले, आणि सर्वांत जास्त वेळही यालाच लागला.

परळीपासून तासाभराच्या अंतरावरचे ते गाव. थर्मलच्या, म्हणजे औष्णिक वीज केंद्राच्या, राखेचे ट्रक दिवसभर रस्त्याने जात आणि ठाण्यातल्या टेबलांवर राखेचा थर बसे. मी तिथे पोलीस निरीक्षक होतो. कोरोनाची दुसरी लाट ओसरून दीडेक वर्ष झाले होते. त्या लाटेत माझी पत्नी गेली. जिल्ह्याच्या ठिकाणी तिला खाट मिळाली, ऑक्सिजन मिळाला नाही. मी चौदाव्या दिवशी ड्यूटीवर हजर झालो. साहेब खंबीर आहेत, असे लोक म्हणाले. मलाही ते खरे वाटले.

त्या लाटेनंतर केंद्राकडून स्थानिक संस्थांना आरोग्यासाठी निधी आला. पुन्हा तशी वेळ आली तर गावातच सोय असावी, हा हेतू. नगर पंचायतीने त्यातून आपल्या दवाखान्यात दहा खाटांचा ऑक्सिजन वॉर्ड उभारला. उद्घाटनाचा बंदोबस्त माझ्याकडेच होता. पुढाऱ्यांनी फीत कापली, खाटांमागच्या ऑक्सिजनच्या पांढऱ्या पेट्यांसमोर उभे राहून फोटो काढले. मी दाराबाहेरच थांबलो. आत जाववले नाही.

काही महिन्यांनी एका सोमवारी, सकाळची हजेरी आटोपून मी टपाल पाहत असताना नगर पंचायतीचा कनिष्ठ अभियंता अर्ज घेऊन आला. तरुण माणूस, इस्त्रीचा शर्ट, हातात फाइल.

"साहेब, वॉर्डातला सगळा पाइप नेला चोरट्यांनी. तांब्याचा होता. क्लॅम्पसकट उपटला."

"कधी?"

"शनिवार-रविवार सुट्टी होती. आज उघडलं तर हे असं."

मी स्वतः गेलो. गाद्यांवरचे प्लास्टिक अजून निघालेले नव्हते. म्हणजे तिथे एकही रुग्ण झोपला नव्हता. प्रत्येक खाटेमागे पांढरी पेटी, पेट्यांच्या मध्ये मोकळी भिंत. खिडकीचा एक गज वाकलेला, कोपऱ्यात पाइप भिंतीला धरणाऱ्या क्लॅम्पचा ढीग. दोन पंच बोलावले आणि वीस मिनिटांत पंचनामा संपवला. इतका झटपट पंचनामा मी त्याआधी कधी केला नव्हता. त्या खोलीत मला उभे राहवत नव्हते. श्वासाची नळी विकून खाणारा कोण असेल, एवढाच विचार डोक्यात होता.

तिसऱ्या दिवशी खबर आली. आमचा एक खबरी भंगार गोळा करायचा. तो ठाण्याच्या मागच्या बाजूने आला.

"साहेब, त्या फ्रिजवाल्या मिस्त्रीनं परवा परळीत तांबं इकलं. पाच-सहा किलो आसंल. म्या सोता पाह्यलं."

गावात बस स्थानकासमोर एका मिस्त्रीचे फ्रिज आणि एसी दुरुस्तीचे छोटे दुकान होते. चाळिशीचा, अबोल माणूस. त्याचे वडील फळे विकायचे. ठाण्यातला थंड पाण्याचा कूलरही तोच दुरुस्त करायचा. जमादार त्याला घेऊन आले.

"परळीला कावून गेलता बे तांबं इकायला? गावात भंगारवाले मेले का?" जमादारांनी सुरुवात केली.

"गावातला काटा मारतो, जमादारसाहेब. किलोमागं शंभर ग्राम त्याच्याच बापाचं."

"आन् आलं कुठून एवढं?"

"जुन्या एसीचं हाय. थर्मलच्या क्वार्टरातले एसी खोलले ना उन्हाळ्यात. खुदा कसम, दवाखान्याच्या दारात पन गेलो न्हाई मी."

"पावती हाय?"

"भंगाराची पावती कोन देतंय, साहेब?"

त्याचे म्हणणे तपासणे अवघड नव्हते. थर्मलच्या वसाहतीत एक हवालदार पाठवला असता तर अर्ध्या दिवसात कळले असते. मी पाठवला नाही. अटक दाखवली, न्यायालयातून तीन दिवसांची पोलीस कोठडी घेतली. स्थानिक पत्रकारांनी फोटो मागितला. मी तो काढू दिला. मधे तो, दोन्ही बाजूंना आम्ही. दुसऱ्या दिवशी मथळा आला, "ऑक्सिजनचोर गजाआड."

मी आरोपीला मारत नसे. याचा मला अभिमान होता. चौकशीसाठी त्याला माझ्यासमोर उभे केले आणि तेच ते प्रश्न विचारत राहिलो. तोही तेच ते उत्तर देत राहिला. शेवटी माझा तोल गेला. मी त्याला माझ्या पत्नीबद्दल सांगितले. ती व्हरांड्यातल्या खाटेवर कशी होती, सिलिंडर येतोय येतोय म्हणून किती तास सांगत होते, तिने माझा हात कसा धरला होता. हे मी मुलीलासुद्धा सांगितले नव्हते. एका आरोपीला, कोठडीत, ओरडून सांगितले.

तो खाली पाहत उभा होता. तसाच म्हणाला, "मीच नेलं, साहेब. दुकानात हाय. काढून देतो."

मला वाटले, माणसाच्या आत कुठेतरी लाज असते, ती जागी झाली. पंचांसमक्ष त्याचे निवेदन नोंदवले. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात गेलो. त्याने एका जुन्या फ्रिजमागून तांब्याच्या पाइपचे बंडल काढून दिले. जप्ती पंचनामा झाला, वरिष्ठांना फोन झाला, कौतुकही झाले.

त्या दुपारी आमच्या मुद्देमाल सांभाळणाऱ्या महिला हवालदार माझ्या खोलीत आल्या. कमी बोलणाऱ्या बाई. हातात रजिस्टर होते.

"सर, वर्णनाच्या रकान्यात काय लिहू? नवीन की वापरलेला?"

"वापरलेला. वॉर्डातला आहे ना तो."

"पण टोकांना प्लास्टिकची टोपणं आहेत, सर. कंपनीची. काढलेलीसुद्धा नाहीत." त्यांनी रजिस्टर मिटले. "आणि सगळा गोल गुंडाळलेला आहे. भिंतीवर सरळ ठोकलेला पाइप असा वेटोळा कसा येईल? कुठं जोडही दिसत नाही."

मी मुद्देमाल खोलीत गेलो. बंडल जमिनीवर पडले होते, आरशासारखे चकचकीत. बाईंचे म्हणणे कोणालाही दिसले असते.

जमादारांना बोलावून विचारले. ते छताकडे पाहत म्हणाले, "साहेब, काल सकाळी भाभी डबा घेऊन आली व्हती. म्या दोघांनाबी एवढंच म्हनलो, माल जमा झाला की जामीन लवकर व्हतो. आपल्याकडं आसंच तर चालतं." मिस्त्रीच्या बायकोने कानातले गहाण ठेवून परळीहून नवीन पाइप आणला होता आणि पहाटे दुकानात ठेवला होता. असे चालते, हे मला ठाऊक होते. चालते तेव्हा मी कधी विचारत नसे.

कोठडीचा शेवटचा दिवस होता. मिस्त्रीला घेऊन आम्ही वॉर्डात गेलो. या वेळी मी भिंतीजवळ गेलो. दहा खाटांना पाइप न्यायचा म्हणजे साठ-सत्तर क्लॅम्प लागतात, असे मी विचारल्यावर त्याने सांगितले. एका क्लॅम्पला दोन स्क्रू. उपटून नेला असता तर भिंत चाळणीसारखी दिसली असती. मी हात फिरवत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेलो. एकही भोक नव्हते. रंगाचा हात सलग होता. कोपऱ्यातल्या क्लॅम्पवर प्लास्टरचा कणही नव्हता.

"ही पेटी उघडता येईल?" मी विचारले.

जमादारांनी त्याच्या हातात स्क्रूड्रायव्हर दिला. तो खाटेच्या मागे गेला, सवयीने एक गुडघा टेकला आणि चार स्क्रू काढले. पेटी हातात आली. मागे कोरडी, गुळगुळीत भिंत होती. त्याने दुसरी पेटी उघडली, मग तिसरी. प्रत्येक स्क्रू नीट बाजूला ठेवत होता, परत लावायचे असल्यासारखे.

"साहेब, हितं पाइप कधी आलाच न्हाई," तो म्हणाला. "ह्या नुसत्या डब्या हायत. कुनी पेशंट ठिवला असता तर कळलं असतं."

जमादार खिडकीबाहेर पाहत होते. मी खाटेच्या कडेला बसलो. खालचे प्लास्टिक चरचरले. उद्घाटनाच्या दिवशी ज्या खोलीच्या दाराबाहेर मी थांबलो होतो, तिथे नगर पंचायतीने पाइपचा एक तुकडाही आणला नव्हता.

अभियंत्याला त्याच संध्याकाळी बोलावले. त्याच्यावर ओरडायचीही गरज पडली नाही. पाइप बसवल्याचा एखादा फोटो मागितला मी, आणि उघड्या पेटीमागच्या कोऱ्या भिंतीचा फोटो समोर ठेवला.

"वरून तपासणी पथक येणार होतं, साहेब. आठ दिवसांत. पाइप नाही म्हटलं तर माझी नोकरी जाते, ठेकेदार अडकतो, वरचेही अडकतात. चोरी झाली म्हटलं तर कुणाचंच काही जात नाही."

"कुणाचंच?"

मिस्त्रीचे नाव अभियंत्याने घेतले नव्हते, हे खरे आहे. ते नाव आम्ही घातले. त्याला फक्त एक चोर हवा होता, कोणताही. तो आम्ही तीन दिवसांत आणून दिला.

पुढचा तपास आर्थिक गुन्हे शाखेकडे गेला. ठेकेदार आणि अभियंता यांच्यावर दोषारोपपत्र दाखल झाले. प्रकरण न्यायालयात आहे, म्हणून अधिक लिहीत नाही. ज्यांनी फीत कापली त्यांचे जबाब साक्षीदार म्हणून घेतले गेले.

मिस्त्रीच्या सुटकेचा अहवाल मी स्वतः लिहिला. तो सुटला तेव्हा मुद्देमालाचा पाइप परत देण्यासाठी मीच त्याच्या घरी गेलो. सोबत जमादार होते. बायकोने अंगणात खुर्ची ठेवली, पण पाणी विचारले नाही. आमच्या भागात घरी आलेल्या माणसाला कोणी पाणी विचारत नाही, असे होत नाही.

"सुटकेचा कागद वाचून दाखवा, साहेब," ती म्हणाली.

मी वाचला. पुरेशा पुराव्याअभावी, असे शब्द त्यात होते. कायद्याच्या नमुन्यात तेच असतात.

"म्हंजी केलं असंल, पन सापडलं न्हाई. असंच ना?"

"नाही. त्यांनी काहीच केलेलं नाही."

"मंग तसं का न्हाई लिव्हलं?" तिचा आवाज चढला नव्हता. "पेपरात फोटो आला तवा पहिल्या पानावर आला. आता तुमी घरी यून सांगताय. आमा दोघांनाच. लोक फ्रिज दुरुस्तीला बोलवंनात हो. घरात घ्यायचा मानूस हाय तो, फ्रिज काय रस्त्यावर ठिवत न्हाईत कुनी."

मी मिस्त्रीकडे वळलो. त्याला पहिल्यांदाच तुम्ही म्हणालो. "तुम्ही कबूल का केलंत? मी हात तर लावला नव्हता."

तो पाइपचे बंडल उलटसुलट करत होता. कुठे दबले आहे का, पाहत होता.

"तुमी बाईसाहेबांचं सांगितलं, साहेब. तवा मला समजलं, हे साहेब आता आपलं काईबी ऐकनार न्हाईत. माझं अब्बा गेलं तवा मीबी तसाच झालतो. कुनी काई बोललं तर ऐकूच येत न्हाई." मग बंडल खाली ठेवून म्हणाला, "आन् तुमी बोलताना रडत व्हता. मला वाटलं, व्हय म्हनलं तर थांबतील."



या प्रकरणाने मला काय शिकवले, असे तरुण अधिकारी विचारतात तेव्हा त्यांना पंचनाम्याबद्दल सांगतो. घाई करू नका, भिंतीला हात लावून पाहा, आणलेला माल कुठून आला ते विचारा. हे सगळे खरे आहे. पण त्याहून एक गोष्ट आहे, ती सांगायला मला जड जाते. मी लाच घेतली नव्हती, मारहाण केली नव्हती. मी फक्त दुःखात होतो, आणि दुःखात असलेला माणूस खोटे वागत नाही असे मला वाटत होते. ज्याच्या हातात कोठडीची किल्ली आहे त्याने आपले दुःख घरी ठेवून यावे, किंवा किल्ली दुसऱ्याकडे द्यावी. मी रजा घ्यायला हवी होती. चौदाव्या दिवशी हजर होणे हा खंबीरपणा नव्हता.

मिस्त्रीने पुढच्या वर्षी दुकान बंद केले. तो पुण्याकडे एका कंपनीत एसीच्या देखभालीच्या कामासाठी गेला. अशा ठिकाणी पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी लागते. त्याचे नाव टाकले की संगणकात अटकेची नोंद येते, आणि अर्ज थांबतो. मग तो मला फोन करतो. मी काय घडले ते सविस्तर लिहून, माझ्या सहीने, त्या त्या ठाण्याला पत्र पाठवतो. दोनदा काम झाले, एकदा झाले नाही. ती नोंद मी स्वतः करवली होती. ती काढायला सांगण्याचा अधिकार आता माझ्याकडे नाही. मागच्या महिन्यात त्याने कंपनी बदलली. चौथे पत्र काल पोस्टात टाकले.